मी बांधलेलं ब्लँकेट

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो, तेपण घर जवळ होतं म्हणून. त्यामुळं ब्लँकेट म्हणजे काय हे मला कुणी शिकवलं नाय, ते आपसूक अंगावर येत गेलं. लहानपणी घोंगडी होती, टोचायची. मग मेव्हण्यानं परदेशातून विजेचं ब्लँकेट पाठवलं, बटण दाबलं की गरम. रत्नागिरीत गरम व्हायला बटण कशाला लागतंय? बायको पावसाळ्यात त्यावर पोरांचे कपडे वाळवते.

कामावर ब्लँकेट म्हणजे काचेच्या लोकरीची गादी. आंब्याचा रस डब्यात भरणाऱ्या कारखान्यात वाफेच्या पायपांना ती गुंडाळायची, तारेनं आवळायची, वरून पत्रा मारून स्क्रू पिळायचे. सहा वर्षं मी पत्रे उचलून देणारा हेल्पर. यंदा सीझनच्या आधी आमचे ठेकेदार शेट म्हणाले, "बॉयलरच्या मागचे दोन पायप एकट्यानं बांध. जमलं तर उद्यापासून तू मिस्त्री."

बॉयलर आणि चिऱ्याच्या भिंतीमध्ये आंधळा बोळ, पलीकडून बंद. त्याच्या तोंडावरच ते दोन उभे पायप. मी पोट ओढून त्यांच्यामधून आत शिरलो आणि आतूनच बांधायला घेतलं. दोन-दोन थर ब्लँकेट, वर पत्रा, स्क्रू सगळे आतल्या बाजूनं. एक सुरकुती नाय. मग बाहेर निघालो आणि अर्ध्यात अडकलो. जाताना पायप उघडे होते. येताना ते जाड झाले होते, आणि मी होतो तेवढाच.

एक खांदा बाहेर, पोट मध्ये, हात मागं. स्क्रूपर्यंत बोटं पोचेनात. हाक मारली असती तर कुणीही आलं असतं, पण हसत आलं असतं, आणि मिस्त्रीपण तिथंच संपलं असतं. म्हणून गप्प राहिलो. श्वास सोडला की तसूभर सरकायचो, घेतला की परत घट्ट. लोकरीची कुसं घामात शिरली. अंगभर खाज, आणि खाजवायला हात मोकळा नाय.

तेवढ्यात बॉयलरवाले काका आले आणि चाचणीसाठी पुढं लाकडं पेटवली. तरी मी गप्प.

आदल्या दिवशी चहा पिताना तपासणीला आलेल्या तरण्या इंजिनिअर साहेबांनी सांगितलं होतं, की काही अणुभट्ट्यांनापण ब्लँकेट असतं. मी विचारलं, "तिला थंडी वाजते काय?" ते म्हणाले, "मधल्या गाभ्यातून बारीक कण सुटतात. ते भोवतीच्या ब्लँकेटमध्ये अडकतात, आणि त्यातनंच नवं इंधन तयार होतं." तेव्हा हसलो होतो. आता ब्लँकेटमध्ये अडकलेला मी होतो, आणि पुढं लाकडं तडतडत होती.

तासाभरानं शेट आले. "काका, हा कुठं गेला?"

"चहाला गेला असंल मेला."

मागं बल्ब गेलेला. शेटनी अंधारात हात घालून पायप चाचपला. "आत वाफ हाय आणि पत्रा गार. काम चोख केलंन हो."

माझी छाती फुगली, तसा आणखीच आवळलो. शेटचा हात तसाच पुढं आला, माझ्या पोटावर. दोनदा दाबून बघितलंनी.

"काका, इथं पत्रा मारायचा राहिलाय. ब्लँकेट लोंबतंय. स्क्रू द्या इकडं, मीच मारतो."

"शेट," मी म्हटलं, "ते माझं पोट हाय."

मग काकांनी आग बाहेर ओढली आणि शेट पत्रा कापायला लागले. माझं बिनसुरकुतीचं ब्लँकेट माझ्या नाकासमोर फाटत होतं.

"आत राहून कशाला बांधलंस, मेल्या?"

"बाहेरून बांधलं असतं तर जोड दिसला असता, शेट."

"बघायला कोण येणार होता? पोलीसपाटील? जा, उद्या पत्रे उचल."

घरी बायकोनं पाठीला खोबरेल चोळत विचारलं, "मग, झालात काय मिस्त्री?"

"झालो होतो," मी म्हटलं. "शेटचा हात पोटापर्यंत यायच्या आधी."