ताईंचं काठमांडू

खराडीच्या आमच्या ऑफिसात माझी आठवण लोकांना दोनच कारणांनी येते. प्रिंटरमध्ये कागद अडकला तर, नाहीतर शेअर्ड फोल्डर उघडेना झालं तर. एरवी माझ्या खुर्चीत कुणी बसलंय याचीही कुणी दखल घेत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तेच बरं वाटतं.

शेअर्ड फोल्डर म्हणजे सगळ्या ऑफिसचं मिळून एक कपाट. ते सर्व्हर नावाच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये असतं आणि ज्याला त्याला आपापल्या टेबलावरून उघडता येतं. निदान यायला हवं. ते उघडलं नाही की माणसं माझ्याशी ज्या आवाजात बोलतात, तो आवाज मी घरी नवऱ्यासाठी राखून ठेवलाय.

त्या सोमवारी मात्र हाक गोड होती. "अगं, जरा येतेस का? माझं फोल्डर रुसलंय."

या ताई. पन्नाशीच्या, विश्रांतवाडीला राहणाऱ्या, आणि सगळ्या ऑफिसच्या ताई. दिवसभर प्रत्येक विभागाचे आकडे गोळा करायचे, त्या फोल्डरमधल्या एका फाइलीत नीट मांडायचे आणि संध्याकाळी पाचच्या मीटिंगमध्ये आपलाच लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडून सरांना दाखवायचे, हे त्यांचं काम. त्यांना सहाची बस चुकवून चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आदल्या दोन दिवसांत आम्ही जुना सर्व्हर काढून नवा बसवला होता. जुना बिचारा गरीब स्वभावाचा होता, कुणालाही आत घ्यायचा. नवा मोठा कडक. ताईंनी फोल्डरवर क्लिक केलं की तो एकच वाक्य टाकायचा: तुम्हाला परवानगी नाही. त्यापुढे कारण नाही, काही नाही. हा कॉम्प्युटर नक्की शनिवार पेठेत वाढलेला असणार, असं मला वाटून गेलं. मीही तिथलीच, म्हणून बोलते.

मी कामाला लागले. आधी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, कारण आमच्या धंद्यातलं निम्मं ज्ञान तेवढंच आहे. मग वायर काढून लावली. पासवर्ड बदलला. सर्व्हरवर जाऊन ताईंचं नाव परवानगीच्या यादीत आहे का पाहिलं, होतं. काढलं, परत घातलं. ताईंना शेजारच्या टेबलावर बसवून त्यांच्याच नावाने फोल्डर उघडून पाहिलं, तर पटकन उघडलं. मग ताईंच्या टेबलावर मी माझ्या नावाने उघडून पाहिलं. माझं नाव म्हणजे त्या सर्व्हरवर कुठेही शिरायची मुभा असलेलं नाव. तर मलाही तेच: तुम्हाला परवानगी नाही.

इथे माझं डोकं फिरलं. तुला मी स्वतः खोक्यातून काढलं, तुझा थर्मोकोल अजून माझ्या टेबलाखाली पडलाय, आणि तू मला परवानगी नाही म्हणतोस?

चिडून मी किती वाजले ते पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात अकरा वाजून दहा. माझ्या मनगटावर अकरा.

आता हे नवे सर्व्हर वेळेच्या बाबतीत फार संशयी असतात. दार ठोठावणाऱ्या कॉम्प्युटरचं घड्याळ आपल्याशी जुळत नसेल, थोडं इकडेतिकडे चालतं पण पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल, तर ते त्याला चोर समजतात. ताईंचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. मी ते जागेवर आणलं, क्लिक केलं, फोल्डर उघडलं. मी कॉलर ताठ करून ताईंकडे पाहिलं, कुर्त्याला कॉलर नव्हती तरी.

ताईंचा चेहरा उतरला होता. "घड्याळ का बदललंस?"

"चुकीचं होतं ताई."

"चुकीचं नव्हतं," ताई म्हणाल्या. "पुढे होतं."

मग त्यांनी टेबलाचा खण अर्धा उघडला. आत एक पेन्सिल सेल होता. तो मीटिंगच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाचा होता. ते घड्याळ कित्येक महिने बंद होतं आणि नवा सेल आणायचं काम कुणाचं, यावर दोन विभागांत मेल चालू होते.

सगळा प्रकार हळूहळू माझ्या ध्यानात आला. सरांच्या मीटिंगमध्ये फोन आणायला बंदी. दारावर त्यांच्याच अक्षरात पाटी आहे: 'फोन बाहेर ठेवावा. जमत नसल्यास फोनजवळ आपणही थांबावे.' सर स्वतः घड्याळ वापरत नाहीत. भिंतीवरचं बंद. म्हणजे त्या खोलीत सरांना वेळ कळायची जागा एकच, ताईंच्या पडद्याचा कोपरा. मीटिंग पावणेसहाला संपणार असं नुसतं कागदावर. कोपऱ्यात सहा दिसेपर्यंत सर वही मिटत नाहीत. आणि विश्रांतवाडीची बस खाली बरोब्बर सहाला हलते. लिफ्टची वाट बघण्यात जातात तेवढी दहा मिनिटं ताईंनी घड्याळातून काढली होती. घरोघरी घड्याळ पुढे ठेवतात, आमच्याही स्वयंपाकघरातलं आहे, पण ते स्वतःला फसवायला. ताईंनी अख्खं ऑफिस फसवलं होतं. मला त्यांच्याविषयी एकदम आदर वाटायला लागला.

"सरळ सांगा ना सरांना, लवकर निघायचं असतं म्हणून."

"सवलत नको मला," ताई म्हणाल्या. "आज सवलत मागितली की उद्या काम काढून घेतात. वर सगळे मान तिरकी करून बघतात, ते वेगळंच."

त्या दिवशी कोपऱ्यात खरी वेळ होती. सरांनी खऱ्या सहाला वही मिटली. प्रोजेक्टरच्या वायरीपाशी माझी जागा असते. तिथून मी ताईंना पर्स छातीशी धरून जिन्याने पळताना पाहिलं. आम्ही चौथ्या मजल्यावर आहोत. बस गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकीचं सांगितलं. घरी त्यांची आई असते. आईला आता फारसं काही आठवत नाही, आणि जे आठवतं ते फार जुनं. दिवसभर सांभाळायला एक मावशी येतात, पण त्यांना पुढे दुसऱ्या घरी पोळ्या करायच्या असतात, त्या सातच्या पुढे थांबत नाहीत. काल ताई पोचल्या तेव्हा मावशी निघून गेल्या होत्या. बाहेरून लावलेली कडी आईने खिडकीतून हात घालून काढली होती. सोसायटीच्या फाटकापाशी वॉचमनने त्यांना गप्पांत गुंतवून खुर्चीवर बसवलं होतं, म्हणून बरं. फाटकाबाहेर आळंदी रोड आणि संध्याकाळची वाहनं.

"कुठे निघालीस म्हणून विचारलं," ताई म्हणाल्या, "तर म्हणाली, शाळा सुटली असेल, मुलीला आणायला चाललेय. उशीर झाला की रडते ती. मला ओळखलंच नाही गं. मलाच न्यायला निघाली होती."

 मला संताप आला, तो त्या सर्व्हरचा. पाच मिनिटांच्या वर फरक चालत नाही म्हणे! विश्रांतवाडीच्या सिग्नलला उभा राहून दाखव म्हणावं एकदा.

ताईंनी घड्याळ पुन्हा पुढे केलं; फोल्डर बंद. मागे आणलं, फोल्डर चालू, बस बंद. अर्धा दिवस हा खेळ चालला. सर जाता जाता थांबून म्हणाले, "ताई, आज आकडे दिसतील ना? की दुसऱ्या कुणाकडे देऊ हे काम?" ताई हसून "दिसतील की" म्हणाल्या. सर गेल्यावर माझ्याकडे वळल्या तेव्हा हसत नव्हत्या.

चहाही न घेता मी त्या कॉम्प्युटरच्या वेळेची सगळी बटणं उघडून बसले. आणि एका ठिकाणी अडखळले. कॉम्प्युटरला दोन गोष्टी विचारतात: वेळ काय, आणि तू जगात कुठे आहेस. सर्व्हर तपासतो ती सगळ्या जगाची मिळून एक असलेली, आतली वेळ. कोपऱ्यात दिसते ती त्या त्या गावची. गावांची यादी होती. आपल्याखाली श्रीलंका, तिची वेळ आपलीच. तिच्याखाली काठमांडू. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं.

मी काठमांडू निवडलं. कोपऱ्यातली वेळ टुणकन पंधरा मिनिटं पुढे गेली. फोल्डरवर क्लिक केलं. उघडलं! सर्व्हरला काही पत्ताच नाही. मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले.

"ताई, तुमचा कॉम्प्युटर नेपाळला पाठवलाय."

ताईंनी नीट समजून घेतलं, दोनदा विचारलं, आणि मग म्हणाल्या, "पासपोर्ट लागत नाही ना?"

"नेपाळला लागत नाही."

त्यानंतरचे दिवस फार मजेत गेले. पाचला मीटिंग सुरू झाली की कोपऱ्यात सव्वापाच बघून सर म्हणायचे, "वा! आज पण वेळेवर उशीर." आणि खऱ्या पावणेसहाला वही मिटायचे. ताई बसमध्ये खिडकीची जागा धरायला लागल्या. बाकीच्यांना वाटलं, सर निवळले. कुणी म्हणालं योगासनं सुरू केलीत, कुणी म्हणालं साखर सोडली. माझ्या टेबलावर अधूनमधून डबा यायचा, आत भाजणीचं थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. लाच म्हणून इतकी चविष्ट गोष्ट मी तरी पाहिलेली नाही.

मग एका सकाळी ताईंनी नव्या महिन्याच्या मीटिंगचं निमंत्रण सगळ्यांना पाठवलं. मी ते उघडलं आणि थालीपीठाचा डबा बाजूला सारला. ताईंनी टाकले होते पाच. पण कॉम्प्युटर पडला नेपाळी. त्याने काठमांडूचे पाच समजून आम्हाला सगळ्यांना पावणेपाच कळवले होते. आणि खाली, बारीक अक्षरांत, पण स्वच्छ: काठमांडू.

मी धावत गेले. ताईंनी वाचलं आणि क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाल्या, "कोण वाचतंय खालपर्यंत? निमंत्रण आलं की लोक नाही म्हणायचं बटण शोधतात."

"सर वाचतात."

"हो," ताई म्हणाल्या. "सर वाचतात."

पावणेपाचला सगळे कुरकुरत जमले. सर आले, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसले. ती खिडकीसमोर आहे, मान वर केली की खाली बस उभ्या असतात ते दिसतं. पडद्याच्या कोपऱ्यात बरोबर पाच वाजले होते. सरांनी तिकडे पाहिलं, खिडकीतून खाली पाहिलं आणि म्हणाले, "करा सुरू." ताई आकडे वाचू लागल्या. आवाज स्थिर होता, पण एक आकडा त्यांनी दोनदा वाचला. मी वायर धरून बसले होते. ती धरायची काही गरज नव्हती.

तासाभराने कोपऱ्यात सहा झाले. सरांनी वही मिटली नाही.  त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काठमांडूत सहा वाजले," सर म्हणाले. "ताई, उठा. पुण्याचे लोक बसून राहा, आपले पावणेसहाच झालेत."

कुणाला काही कळलं नाही. दोघे उगाचच हसले. ताई उठल्याच नाहीत.

"अहो, उठा," सर तशाच कोरड्या आवाजात म्हणाले. "परदेशातल्या लोकांना आम्हाला थांबवता येत नाही. उद्यापासून काठमांडूच्या वेळेने निघत जा. आकडे तेवढे पुण्याच्या वेळेने द्या."

ताईंनी पर्स उचलली. दारापर्यंत गेल्या, काहीतरी बोलायला वळल्या, पण सरांनी पुढच्या आकड्यावर बोट ठेवलं होतं. आम्ही उरलेले पुण्याचे लोक बसून राहिलो. सर एकेक आकडा सावकाश वाचून घेत होते आणि मधूनमधून खाली बघत होते. विश्रांतवाडीची बस हलली, तेव्हा त्यांनी वही मिटली.

सगळे गेले. मी वायर गुंडाळत होते.

"तुम्ही केलंत ना हे?" सरांनी विचारलं.

"हो सर." खोटं बोलायला जागाच नव्हती. "तुम्हाला आज कळलं?"

"घड्याळात सहा वाजतात आणि सहाची बस खाली उभी असते. पहिल्या दिवशीच दिसलं मला. तेव्हा दहा मिनिटं होती, तुम्ही पंधरा केलीत." ते उठले. "कारण मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं, आणि ते त्यांना आवडलं नसतं."

"मग वेळ आता नीट करू का सर?"

"फोल्डर उघडतंय ना?"

"हो."

"मग कशाला हात लावताय?" दारातून त्यांनी भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे पाहिलं. "आणि तो सेल ताईंच्याच खणात राहू दे म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई माझ्या टेबलापाशी आल्या. डबा ठेवला आणि उभ्याच राहिल्या. मावशी निघायच्या आत पोचल्या होत्या. आई चपला घालून दारातच बसली होती, पण ताईंना बघितलं आणि या वेळी ओळखलं.

"म्हणाली, आज शाळा लवकर सुटली?" ताई म्हणाल्या. "मी म्हटलं, हो आई. सरांनी सोडली."