लाल शेवाळाचं पीस

चिखलीच्या बाजारात सुक्या मासळीचा वास आला आणि कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी कोकणातून समुद्राचं लाल शेवाळ आणलं होतं, कागदावर दाबून वाळवलेलं, अगदी पिसासारखं, आणि वास असाच. तो एकच नमुना. ओळखण्यासाठी तो भिजवायचा होता. घाईत मी बशीत थंडऐवजी गरम पाणी ओतलं. बघता बघता पाणी लाल झालं आणि पीस हिरवंगार. "मॅडम, मी वाटोळं केलं," मी रडत म्हणाले. मॅडमही थक्क होऊन बशीवर वाकल्या. "अवं, हे आतून हिरवंच असते. खोल पाण्यातला उजेड धरायले त्याले लाल रंग लागते. वीस वर्षं शिकवून राह्यली, पाह्यलं मात्र आजच." आता मीही शिकवते, पण ते लाल पाणी आठवून नमुना भिजवण्याआधी अजून पाण्यात बोट घालून बघते.