वहिनीची बिनबिल्ल्याची गाय

वहिनीची गाय चोरीला गेली हे वहिनीला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. बाकीच्यांना कळायला तिसरा दिवस उजाडावा लागला, आणि त्या बाकीच्यांत पहिला नंबर माझा.

आमचं गाव सावर्ड्यापासून आत. तिथे भात कापून घरात आलं की गुरं मोकळी सोडतात. शेतात राखण्यासारखं काही उरलेलं नसतं, त्यामुळे गुराखीही नसतो. गुरं सकाळी आपली आपण सड्यावर, गावावरच्या उघड्या पठारावर चढतात, कातळावरचं वाळकं गवत खातात आणि मनात आलं तर संध्याकाळी घरी येतात. नाही आली तर कोणी शोधायला जात नाही. जो जातो तो घाबरट ठरतो. "येईल, सड्यावर असेल," म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं. वहिनीचा फोन आला तेव्हा शहरात, मांडवीतल्या घरात चहा पीत मीही हेच म्हणालो.

"भावजी, तिची पाडी हाय घरात," वहिनी म्हणाली. "तीन आठवड्यांची पाडी टाकून ती भायेर राहायची नाय."

"येईल हो वहिनी. सड्यावर असेल."

दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं. आयुष्यभर शाळेत पोरांच्या डोक्यावर घण घातले की आधी प्रश्न नीट वाचा. स्वतः मात्र प्रश्न वाचलाच नाही. दूध पाजणारी गाय वासराला सोडून राहत नाही, इतकं साधं ती बाई सांगत होती.

तिसऱ्या दिवशी गेलो. दादा गेल्यापासून वहिनी एकटीच असते, गोठ्यात ही एक गाय. घरात शिरायच्या आधीच पाडीचा आवाज कानावर आला. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. शेजारणीने आपल्या गाईचं दूध दिलं होतं, पण पाडी ते तोंडात धरत नव्हती. वहिनी बोटं दुधात बुडवून तिच्या तोंडात घालत होती, ती दोनदा चोखायची आणि मान फिरवायची. "असे दोन दिवस आणखी गेले तर जगायची नाय," वहिनी म्हणाली. मला बसा म्हणाली नाही, पाणीही विचारलं नाही. तिचा राग मला समजला.

वाडीत चौकशी केली. सड्याखालच्या वळणावर घर असलेला एक गृहस्थ शांतपणे म्हणाला, "परवा सकाळी एक गाडी गेली बघा. काळ्या काचांची. मागून पार बसलेली."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलां, मुंबयवाले तांदूळ नेतायत."

नवा तांदूळ झाला की मुंबईची पाव्हणेमंडळी गाडीत गोणी भरून नेतात आणि त्या दिवसांत प्रत्येक गाडी मागून बसलेलीच असते. मागची सीट काढून त्या जागी गाय आडवी घातली असेल, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. चोरांना मात्र आमचे हंगाम तोंडपाठ. गुरं कधी मोकळी सुटतात आणि कोणत्या दिवसांत जड गाडीकडे कोणी बघत नाही, हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक.

मग देवळात गाऱ्हाणं. माझ्या लहानपणी अशीच एक गाय गेली होती, तेव्हाही गाऱ्हाणं घातलं होतं. चोराचं वाईट होऊ दे असं मानकऱ्याने देवाला सांगितलं, सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं, आणि दोन दिवसांनी गाय देवळामागच्या आंब्याला बांधलेली सापडली. कोणी बांधली ते कोणी विचारलं नाही. चोर पंचक्रोशीतलाच होता, त्यालाही त्याच देवासमोर उभं राहायचं होतं. आताचा चोर गाडीतून येतो. आमच्या देवाचं नावही त्याला माहीत नसतं, मग तो घाबरणार कशाला? तरी आम्ही जोरात "होय महाराजा" म्हटलं. मीही म्हटलं, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. एकाने मध्येच पलीकडच्या मोहल्ल्याकडे बोट दाखवून काहीतरी सुरू केलं. वहिनीने त्याला तिथेच थांबवलं. "तू बगितलंस काय? नाय ना? मग गप ऱ्हा. माझी गाय हवी हाय मला, भांडाण नको."

पोलीस चौकीतला हवालदार भला माणूस होता. त्याने कागद पुढे ओढला. रंग? तांबडा. शिंगं? मध्यम. "कानातला बिल्ला? नंबर सांगा."

बिल्ला नव्हताच. वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

गेल्या वर्षी गुरांच्या दवाखान्याचा माणूस गावात आला होता, कानात पिवळा बिल्ला मारायला. वहिनीने मला फोन करून विचारलं होतं, मारू का? मी म्हणालो, "कशाला? रानात झुडपात अडकून कान फाटेल. आपल्या गाईला कोण नेतंय?" वाडीतले निम्मे लोक बिल्ला नको म्हणून गुरं घेऊन परसातच थांबले होते आणि मी शहरातून त्यांचीच री ओढली. शिकलेला माणूस म्हणून वहिनी मला विचारते, आणि मी असं शिकवलं.

हवालदाराने लिहिलं, "तांबडी गाय, शिंगे मध्यम." तालुक्यातल्या अर्ध्या गाई त्या एका ओळीत बसल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. घाटावर एक गाडी पकडली होती, त्यातली गुरं तिकडच्या गोशाळेत ठेवली होती, बघून या. वहिनीने पाण्याची एक रिकामी बाटली धुऊन पिशवीत टाकली. कशाला, असं मी विचारलं नाही.

गोशाळेत चाळीसेक गुरं होती आणि त्यातल्या कितीतरी गाई तांबड्या. मला सगळ्या सारख्याच दिसत होत्या, आणि माझी मलाच चीड आली. वहिनीने कुंपणाशी उभं राहून जिभेने चुचकारल्यासारखा आवाज केला. कोपऱ्यातली एक गाय ताडकन उठली आणि दुसऱ्या गुरांना ढकलत आली. तिच्या कानात कोराकरकरीत पिवळा बिल्ला होता.

"आमच्याकडे नोंद झाली," तिथला व्यवस्थापक म्हणाला. "तुमच्याकडे जुना नंबर आहे का? नाही? मग कोर्टाचा कागद आणा."

मी वाद घातला, आवाज चढवला, हात जोडले. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, त्यामुळेच माझं डोकं जास्त फिरलं. आवाज काढून कोणीही गाय बोलावेल आणि घेऊन जाईल, असं म्हणाला तो. तोवर वहिनी गाईपाशी जाऊन बसली होती. कास दगडासारखी टणक झाली होती. तिथला गडी म्हणाला, ही कोणालाच पान्हा सोडत नाही. वहिनीने पाठीवरून हात फिरवला, पहिल्या धारा जमिनीवर सोडल्या आणि मग बाटली धरली. गाय एकदाही हलली नाही. बाटली भरली तरी वहिनी तिथेच बसून होती. मीच तिला उठवलं.

घाट उतरताना ती बाटली तिने पदराखाली, पोटाशी धरली होती, गार होऊ नये म्हणून. गाय कुंपणाला तोंड लावून ओरडत होती ते माझ्या कानातून जात नव्हतं.

घरी आल्यावर वहिनीने बाटली पाडीच्या तोंडाशी नेली. पाडीने वास घेतला आणि एका दमात सगळं दूध संपवलं. मग रिकामी बाटली ढुशा देऊन खाली पाडली, वहिनीच्या मागे गेली, दारात जाऊन आई शोधली आणि परत आली.

"कोर्टाचा कागद कधी मिळेल?" वहिनीने विचारलं.

"उद्या जातो मी. बघतो."

"उद्या हिला काय पाजू?"

वहिनीने बाटली उचलून धुतली, उपडी घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता म्हणा ना भावजी, येईल म्हणून."