टाळ खाली ठेवल्यावर

परत आरतीच! माझ्या नव्या भजनाचा अंतरा वर चढला आणि सरळ गणपतीच्या आरतीत जाऊन पडला. सून हसू दाबत म्हणाली, “आई, आता कापूर लावू का?”

ढोलकी वाजवणारी शेजारीण हसली नाही. “वयनी, उद्या आपलं हसं होणार.”

उद्या म्हणजे माघी गणपतीच्या मंडपात बायकांची भजनस्पर्धा. चाल स्वतःचीच हवी, हा नियम. आदल्या वर्षी वरच्या वाडीच्या बायका आम्हाला तोंडावर म्हणाल्या होत्या, “यांचं गाणं ऐकलं की वाटतं, आता प्रसाद वाटतील.” म्हणून यंदाची चाल मी बसवणार, असं मीच सांगून बसले होते. शाळा चौथीपर्यंत, पण गळा आहे.

सून रत्नागिरीत कॉलेजच्या ऑफिसात काम करते. ती म्हणाली, “मोबाइलवर गजर लावू. गजर झाला की उठायचं, जरा फिरून यायचं.”

“मी काय अंडी उकडतेय? चाल मिळेपर्यंत कुणी उठायचं नाही.”

कुणी उठलं नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही. शेवटी कान इतके बधिर झाले की बरं काय नि वाईट काय, कळेना.

तेवढ्यात फाटकातून मासेवाली ओरडली, “बांगडे हायत गो ताजे! घेतंस की जाऊ पुढं?”

बांगड्यापुढे माझा हट्ट टिकत नाही. टाळ खाली ठेवून उठले, घासाघीस केली, मागच्या दारी बसून मासे साफ केले. डोक्यात चाल नव्हती. खवलं, आतडी, पाणी, एवढंच.

आत आले आणि सवयीने टाळांकडे हात नेला.

“आई, माशाचे हात!” सून किंचाळली. टाळ देवघरातले. मग हात तसेच लांब धरून, टाळांशिवाय गायले. अंतरा वर चढला आणि वळला! आरतीकडे नाही, भलतीकडेच! शेजारणीने झडप घालून ढोलकी ओढली. “वयनी, थांबू नका, थांबू नका!” सून मोबाइलवर उतरवून घेत होती आणि मी हातावरचं पाणी उडवत गात होते.

जन्मभर ते टाळ मी आरतीलाच वाजवले. ते हातात असले की तोंड आपोआप तिकडे जातं. उठले नसते तर ते सुटले नसते.

आता चाल बसवायची तर गॅसवर भात ठेवून बसते. भात झाला की टाळ खाली आणि दुसरं काम हातात. गजर सुनेचा सुनेला.

स्पर्धेत आमचा नंबर आला नाही. पण अंतरा सुरू झाला तेव्हा मंडपात एकानेही आरतीची टाळी धरली नाही. वरच्या वाडीच्या बायका पुढेच बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघूनच गायले.

चाल सापडली तेव्हा घरात आम्ही तिघी होतो. मी, सून आणि शेजारीण. तिघीही अजून गातो.