तपकिरी कागदाच्या अकरा वह्या

धाकटीच्या पत्राबरोबर तिच्या मुलाच्या शाळेचं छापील पत्रक आलं. त्यातल्या एका चित्रात चारेक वर्षांचं मूल एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओततं आहे, आणि शेजारी जमिनीवर बसलेली शिक्षिका मांडीवरच्या वहीत काही लिहिते आहे. खाली धाकटीने लिहिलं आहे, "आजी, अशी शाळा तू कधी स्वप्नात तरी पाहिली होतीस का?"

पाहिली होती. तिथे मी पाच वर्षं शिकवलं, आणि ती बुडाली त्यात माझा हात होता. तुमच्यापैकी कुणालाच मी हे सांगितलेलं नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, पण त्या मुलांचं बोलणं मला इंग्रजीत आणता येत नाही. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

मी लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा देश स्वतंत्र होऊन काही थोडीच वर्षं झाली होती. मी पुण्याला इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, तुमचे आजोबा कोर्टात वकील. दुपारभर मला घरात करण्यासारखं काही नसे. पांझरा ओलांडली की देवपूर. तिथे बंद पडलेल्या एका जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्याच्या, गोदामात एक बालमंदिर चालायचं आणि त्याला जोडून पहिली ते चौथीचे वर्ग. छपराच्या लाकडांत जुना कापूस अडकून राहिला होता. वारा सुटला की त्याचे पुंजके खाली तरंगत यायचे आणि मुलं ते पकडायला धावायची. त्या वेळी शिकवणं थांबवायचं, असा तिथला नियम होता.

नियम मोठ्या बाईंचा. त्या गुजरातेत एका संस्थेत बालशिक्षण शिकून आल्या होत्या. उंच, सडपातळ, पांढरं खादीचं पातळ, आणि मुलाशी बोलायचं तर आधी खाली बसायचं ही सवय इतकी मुरलेली की रस्त्यात कुणाचं पोर भेटलं तरी धुळीत बसायच्या. तिसऱ्या होत्या आक्का. त्या शिंदखेड्याकडच्या, विधवा, चौथी शिकलेल्या. लहान मुलं, पाण्याची घंगाळी आणि धान्याच्या बरण्या त्यांच्या ताब्यात. दादर ज्वारी, तूर, सरकी, शेंगदाणे: मुलं ती निवडायची, मापायची, ओतायची. मला आक्का "धाकल्या बाई" म्हणत, आणि पहिल्याच दिवशी माझी इस्त्रीची साडी पाहून म्हणाल्या, "धाकल्या बाई, आठे बठ्ठा चिखल शे. उद्या जुनं नेसीसन या." इथे सगळा चिखल आहे, जुनं नेसून या.

आमच्या शाळेत छडी नव्हती, पाठांतर नव्हतं, परीक्षा नव्हती. परीक्षेऐवजी वही होती. प्रत्येक मुलाची एक, वर्षानुवर्षं तीच पुढे चाललेली. मूल आज काय करत होतं, काय म्हणालं, कुठे अडलं, हे शिक्षिकेने रोज लिहायचं. स्तुती लिहायची नाही, तक्रारही नाही. दिसलं तेवढं लिहायचं. मूल बोललं असेल तर त्याच्याच शब्दांत. त्यासाठी मी आक्कांकडून अहिराणी शिकले. आणि दर शनिवारी सुट्टीच्या आधी प्रत्येक मुलाला त्याच्या वहीतलं त्या आठवड्याचं पान वाचून दाखवायचं. मूल हात मागे बांधून बाईंजवळ उभं राहायचं आणि स्वतःबद्दल ऐकायचं. चुकीचं वाटलं तर सांगायचं, आणि आम्ही खोडून नीट लिहायचं.

हे काम जणू माझ्यासाठीच होतं. माझ्या वर्गात अकरा मुलं. अकरा वह्यांना मी तपकिरी कागदाची कव्हरं घातली, नावांच्या अक्षरक्रमाने लावल्या, तारखा लाल शाईने टाकल्या. मोठ्या बाई म्हणायच्या, "तुमच्या वह्या पाहिल्या की मला माझ्या वह्यांची लाज वाटते." ते ऐकायला मला फार आवडायचं.

त्या अकरांत एक मुलगी होती. दोंडाईच्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली. वडील कापूस लावणारे. देवपूरला तिची आत्या राहायची, म्हणून मुलगी इथे ठेवली होती. पहिले सहा महिने ती एक शब्द बोलली नाही. सकाळी यायची, लोटा घ्यायची आणि घंगाळातून बाटलीत पाणी ओतायची. मी लिहायची: "आज चाळीस मिनिटं पाणी ओतलं. पाच वेळा सांडलं." दुसऱ्या दिवशी: "चाळीस मिनिटं. तीन वेळा सांडलं." एका शनिवारी मी पान वाचत असताना ती पहिल्यांदा बोलली. "शुक्रवारले एक बी थेंब नही सांडना." खरंच, शुक्रवारी मी दुसऱ्या मुलाकडे पाहत होते. मी खोडलं आणि लिहिलं.

वाचायला ती आठव्या वर्षी लागली, आणि मग जे हाताला लागेल ते वाचू लागली, पुड्याचे कागदसुद्धा. तिचे वडील बाजाराच्या कामाने यायचे तेव्हा दारात चपला काढून उभे राहायचे. त्यांचा एकच प्रश्न असे, "बाई, पाचवीमा नाव लागी ना?" गावात तिच्या वयाच्या मुलींची लग्नं जमत होती. त्यांनी भावकीत सांगून ठेवलं होतं, पोरगी धुळ्याच्या हायस्कुलात जाणार आहे, तोवर कुणी विषय काढायचा नाही. मी दर वेळी सांगायची, "लागेल, आबा."

पण पाचवीत नाव लागायचं तर चौथीचा दाखला हवा, आणि दाखल्याला शाळेची मान्यता हवी. आमच्या चौथीच्या वर्गाला मान्यता नव्हती, कारण चौथी पहिल्यांदाच भरली होती. अर्ज केला होता. दिवाळीनंतर तपासणीला साहेब येणार असं पत्र आलं.

पत्र वाचून झाल्यावर आक्का म्हणाल्या, "दोन दिस पाढा घोकाडी ल्या पोरेसले. साहेब गया का सोडी द्या."

मोठ्या बाई हसल्या. "आणि शनिवारी वहीत काय लिहायचं, आक्का? साहेबांसाठी पोपट केले?"

"वही काय साहेब वाचस?" आक्का म्हणाल्या. "वही आपली शे."

मी मोठ्या बाईंच्या बाजूने बोलले. बऱ्यापैकी लांब बोलले. आक्कांनी ऐकून घेतलं आणि तुरी निवडायला घेतल्या.

साहेब आले ते सज्जन गृहस्थ होते. चाळीसगावकडचे, मध्यम वयाचे, तोंडात सुपारी. त्यांच्याकडे रकान्यांचा छापील कागद होता. बालमंदिरात ते थोडा वेळ रमले, एका पोराबरोबर त्यांनी सरकीसुद्धा मापली. मग चौथीत आले. त्या मुलीला म्हणाले, "एकोणतीसचा पाढा म्हण."

ती म्हणाली, "पाठ नही."

"बरं, एकोणतीस सत्ते किती?"

ती उठली, फळ्याशी गेली, तीस सत्ते लिहिलं, त्यातून सात काढले आणि म्हणाली, "दोनशे तीन."

"पाठ का नाही केलंस?"

"लागस तव्हय काढी लेस."

लागेल तेव्हा काढते. साहेब हसले, रागावले नाहीत. कागदावर काही लिहिलं आणि मोठ्या बाईंना म्हणाले, "निकालपत्रकं दाखवा."

"आम्ही परीक्षा घेत नाही. अर्जात लिहिलंय."

"पण मूल वर चढवलं ते कशाच्या आधारावर?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "आम्ही त्यांच्याबरोबर रोज असतो." मला वाटलं, हे फार अपुरं उत्तर झालं. कपाटात पाच वर्षांचा लेखी आधार पडला असताना असं मोघम का बोलावं? मी उठले, कपाट उघडलं आणि अकराच्या अकरा वह्या साहेबांपुढे आणून ठेवल्या. "ह्याच्या आधारावर," मी म्हणाले. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण तोवर साहेबांनी एक उघडली होती. पाण्याची वही.

त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "आज चाळीस मिनिटं पाणी ओतलं. चाळीस मिनिटं पाणी ओतलं. चाळीस मिनिटं." पानं उलटली. "आज दिवसभर कापसामागे धावली." पुढे. "भागाकारात गोंधळते. मुद्दाम थांबले आहे, घाई करायची नाही." पुढे. "आज मी तिच्यावर ओरडले. चूक माझी होती."

ते वाचत होते आणि हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि तेवढ्यात ती मुलगी जागेवरून उठली, त्यांच्या खुर्चीजवळ गेली आणि हात मागे बांधून उभी राहिली. शनिवारसारखी. आपली वही वाचली जाते आहे म्हणजे आपण तिथे उभं राहायचं, एवढंच तिला माहीत होतं. एका वाक्याला तिने त्यांना थांबवलंही. "ते बाईनी खोडेल शे. खालनं वाचा."

वह्या ते घेऊन गेले. अहवालाला जोडाव्या लागतील म्हणाले, पोच दिली, परत मिळतील म्हणाले.

घरी मी आजोबांना सगळं सांगितलं. ते कोटाची बटणं काढत होते, ती तशीच राहिली. "त्यांनी वह्या मागितल्या होत्या?"

"नाही."

"अगं, विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं असतं. न मागितलेला कागद आपल्याच हाताने पुढे करायचा नसतो. पहिल्या वर्षाचा कारकूनसुद्धा सांगेल."

मी म्हणाले, त्यात खोटं काहीच नव्हतं. ते म्हणाले, "म्हणूनच."

होळीच्या सुमारास उत्तर आलं. मान्यता नाकारली होती. कारणांत माझीच वाक्यं होती, तारखांसकट, अवतरणचिन्हांत. 'शिक्षिकांच्या स्वहस्तातील नोंदींवरून' असा शब्दप्रयोग होता. मोठ्या बाईंनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि मला विचारलं, "तुम्ही नसलेलं काही लिहिलं नव्हतं ना?"

"नाही."

"मग झालं."

मला वाटतं, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला त्या दिवशीही त्याचा आधार वाटला नाही आणि आजही वाटत नाही.

मी त्या मुलीला घेऊन हायस्कुलात गेले. म्हटलं, तिची परीक्षा घ्या, आत्ता घ्या. हेडमास्तर म्हणाले, दाखल्याशिवाय पाचवी नाही. फार तर दुसऱ्या शाळेत तिसरीत बसवा, दोन वर्षांनी या. हे तिच्या वडिलांना सांगायचं काम मी मोठ्या बाईंना करू दिलं नाही. ते नेहमीसारखे दारात चपला काढून उभे होते. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाच वरीस मनी आंडेरनी पानीच वतं का, बाई?" माझ्या पोरीने पाच वर्षं पाणीच ओतलं का.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. त्यांनी मुलीचा हात धरला. ती जाताना म्हणाली, "बाई, शनिवारनं वाचानं राही गयं." ह्या शनिवारचं राहून गेलं.

जूनमध्ये चाळीसांपैकी नऊ मुलं आली. पावसाळा संपायच्या आत गोदाम मालकाला परत गेलं. आक्का एका चालू जिनात कापूस निवडायला लागल्या. मोठ्या बाईंना जळगावला एका साध्या प्राथमिक शाळेत नोकरी मिळाली. दोन वर्षांनी मी चाळीसगावला गाडी बदलून त्यांना भेटायला गेले. एका वर्गात सत्तर मुलं, सगळी एका सुरात पाढे म्हणत होती. टेबलावर छडी होती. माझी नजर तिच्याकडे गेलेली पाहून त्या म्हणाल्या, "ती वर्गाची आहे. मी आले तेव्हा होतीच." थोड्या वेळाने मागे गडबड झाली तेव्हा त्यांनी ती उचलून टेबलावर आपटली. बोलताना त्या उभ्याच होत्या. त्या भेटीत त्या एकदाही खाली बसल्या नाहीत. मी निघताना त्यांनी वह्यांचं विचारलं. मी साहेबांच्या कचेरीला चार पत्रं लिहिली होती, एकालाही उत्तर नव्हतं. "असू द्या," त्या म्हणाल्या. पुन्हा आमची भेट झाली नाही.

आणखी काही वर्षांनी, तुमची आई कडेवर असताना, मी दोंडाईच्याच्या स्टेशनवर सुरतेकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होते. फलाटावर मिरचीची पोती रचलेली होती, सगळे शिंकत होते. पोत्यांपलीकडून कुणी हाक मारली, "बाई!" डोक्यावर पदर, हातभर बांगड्या, पंधरा-सोळा वर्षांची असेल. जवळच ट्रंकेवर तिची सासू बसली होती. तीच ती मुलगी. माझ्याजवळ आली आणि कळत-नकळत तिचे हात मागे गेले.

मी विचारलं, "वाचतेस का काही?"

"घरमा काय शे वाचाले?" ती हसली. मग म्हणाली, "बाई, मनी वही शे ना तुमनाकडे?"

मी म्हणाले, "आहे. जपून ठेवली आहे."

त्या शाळेत पाच वर्षं मी जे दिसलं तेवढंच लिहिलं होतं. हे मात्र मी न अडखळता बोलले.

तिने वळून सासूला सांगितलं, "बाईकडे मनी वही शे."

"कसानी वही?"

"मी काय काय करू ते बठ्ठं लिखेल शे तिमा." मी काय काय करायची ते सगळं.

सासूने पदराने नाक पुसलं. "काय करे तू?"

"पानी वतू," ती म्हणाली.

सासू मोठ्याने हसली, शेजारच्या बाईलाही तिने ते सांगितलं. ती मुलगी माझ्याकडे पाहत होती, पान वाचून झाल्यावर बघायची तशी. काही चुकलं असेल तर मी सांगेन म्हणून. गाडी आली. मी तुमच्या आईला घेऊन डब्यात चढले.