हात हलतो म्हणे! एका उडत्या पक्ष्यासाठी बोरधरणापर्यंत

"ताई, तुमचा हात हलतो, आणि कॅमेराही म्हातारा झालाय. तुम्ही आपले बसलेले पक्षी काढा." आमच्या पक्षी ग्रुपचे सर चारचौघांत बोलले. ग्रुपच्या वर्ध्यातल्या प्रदर्शनात 'उडते पक्षी' विभागात मी नुकतंच नाव दिलं होतं आणि फोटो द्यायला आठवडा उरला होता. बावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते मी. खड्ड्यांतून उसळणाऱ्या गाडीत दांडा न धरता तिकिटं दिलीत. आणि माझा हात हलतो? बघतेच, म्हटलं.

रविवारी पहाटे साडेपाचला बोरगाव मेघेहून स्कूटी काढली. सेलूपर्यंत रस्ता झकास. सेलूत टपरीवर तर्री-पोहे खाल्ले, वीस रुपये, वर तर्री मागाल तितकी. हिंगणीच्या पुढे मात्र खड्डे आहेत, हळू जा. थंडीत जाणार असाल तर हातमोजे विसरू नका, बोटं आखडली की कॅमेऱ्याचं बटणच सापडत नाही.

धरणावर नदीसुरय पक्षी पाण्यावर घिरट्या घालत होते. फोकस कंटिन्युअसवर, शटर सेकंदाच्या दोनहजाराव्या भागावर, सगळं शिकवल्याप्रमाणे. तीन तासांत चारशे फोटो काढले. पाणी शार्प, पलीकडची झाडं शार्प, पक्षी तेवढा धुरकट! पक्षी डोक्यावर आला की मी कॅमेरा उचलायची, लेन्स बिचारी पुढे-मागे चाचपडायची, तोवर तो पसार. सर खरंच बोलले की काय, असं वाटून रडू आलं. मग त्या रडण्याचाच राग आला.

परतताना रस्त्यालगत ज्वारी दिसली. हल्ली आमच्याकडे ज्वारी फारसं कोणी पेरत नाही, त्यामुळे आसपासचे सगळे पोपट त्या एका शेतावर तुटून पडलेले. मचाणावर सत्तरीच्या सुमनबाई गोफण फिरवत होत्या. त्यांना विचारून बांधावर उभी राहिले आणि आणखी दहा-बारा फोटो वाया घालवले. बाई वरून बघतच होत्या.

"काऊन वो, पाखरू डोक्यावर आल्यावर उचलून राह्यली ते? बाभळीवरून उठलं का तवाच धर ना त्याले!"

"धरते हो, पण निसटतं."

"हातानं धरून राह्यली, म्हणून. कंबरेतून फिर. अन् दगड सुटला तरी हात थांबवू नोको."

कंबरेतून! अगं बाई, चालत्या गाडीत मी दुसरं काय केलं होतं? पाय रोवायचे आणि वळणाबरोबर कंबर सोडायची. धरणावर मात्र ताठ उभी राहून नुसते हात फेकत होते.

मग आधी बाभळीवर फोकस लावून ठेवला. पोपट उठला की बटण अर्धं दाबायचं, त्याच्याबरोबर वळत राहायचं, तो मोकळ्या आभाळात आला की क्लिक, आणि क्लिकनंतरही वळणं थांबवायचं नाही. तासाभरानं एक पोपट कणीस चोचीत घेऊन निघाला आणि त्याच वेळी सुमनबाईंची गोफण सुटली.

"लागला असता ना त्याला!" मी ओरडले.

"मी मारत नाई वो. नुसता धाक देतो."

स्क्रीनवर पाहिलं. पोपटाचा डोळा लख्ख, कणसाचा दाणा न् दाणा मोजून घ्या, आणि शेपटीमागे करडा, अंधुक दगड. मी बांधावर नाचले, खोटं कशाला सांगू?

रात्री सरांना फोटो पाठवला. लगेच फोन आला. "शार्प आहे हो! लेन्स कोणती? फक्त तो मागचा धब्बा पुसून टाका, मग लावू."

"धब्बा नाही सर, दगड आहे. तो राहणार."

"मग नाही लावता येणार."

"नका लावू."

प्रदर्शनात माझा फोटो नव्हता. वाईट वाटलं, दोन दिवस वाटलं. पण हात कोणाचा हलतो, हे आता ग्रुपमध्ये कोणी बोलत नाही. एक प्रिंट घरात लावली आणि दुसरी घेऊन पुन्हा त्या शेतावर गेले. सुमनबाईंनी फोटो हात लांब करून धरला, डोळे बारीक केले. पोपटाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. त्यांनी दगडावर बोट ठेवलं.

"पाह्य," त्या म्हणाल्या, "बराबर गेलता."