मागच्या सीटवर कोण बसतं

करुणाचा कशावरच पटकन विश्वास बसत नसे. गॅसची टाकी आली की ती आधी सील बघायची, मग टाकी हलवून बघायची आणि मगच जुनी टाकी बाहेर काढायची. दुधात बोट बुडवून थेंब नखावर उतरवून बघायची. डोंगरकड्याच्या बाजारातला केळीवाला तिला फणी देताना स्वतःच उलटी करून दाखवायचा. म्हणायचा, "बघून घ्या मावशी, खालून बी पिवळीच हाय." करुणा तरी एक केळ दाबून बघायचीच.

हा स्वभाव तिने माहेराहून आणला होता. तिचे वडील जळबा रस्त्याच्या कामावर मजूर होते. शिरड शहापूरला घर, बायको कमलबाई आणि ही एकच लेक. महिन्यातले काही दिवस ते लांबच्या गँगवर असायचे. ते वारले त्या दिवशी ती लांबची गँग दारात येऊन उभी राहिली. नरसी नामदेवची धुरपताबाई, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. कोण आहे ते कुणाला विचारावं लागलं नाही. कमलबाई भिंतीला टेकून बसली होती. करुणाने उठून फाटक लावलं आणि प्रेत उचलेपर्यंत कडी धरून तिथेच उभी राहिली. ती तेव्हा बारावीत होती.

त्या दिवसापासून तिला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली. माणूस वेळेवर घरी येतो, शांतपणे जेवतो, लेकीसाठी बाजारातून पेरू आणतो, आणि तरीही त्याचं दुसरीकडे एक घर असू शकतं.

नवरा मिळाला तो रत्नपाल. बुटका, सावळा, कमी बोलणारा. शेतातले सौर पंप दुरुस्त करायचं काम. आज सेनगाव, उद्या कळमनुरी, परवा औंढ्याच्या पलीकडे. सगळा दिवस मोटरसायकलवर. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगा शिकायला नांदेडला गेला, तरी रत्नपाल आला की करुणा त्याच्या हातातली पिशवी घेता घेता शर्टाची कॉलर बघून घ्यायची. त्यालाही ते माहीत होतं. तो मान थोडी वाकडी करून उभा राहायचा.

गेल्या वर्षी त्याची कंबर धरली. गाडीची मूळ सीट पुढे उतरती होती आणि स्पंज बसून पार पापडासारखा झाला होता. खड्डा आला की मणक्यातून कळ डोक्यापर्यंत जायची. आधी त्याने जाळीचं कव्हर आणलं, ते घामाने कुजलं. मग हवा भरायची गादी आणली. ती बाभळीच्या काट्याने फुटली आणि तो सेनगावहून फुस्स बसलेल्या रबरावर घरी आला. करुणा हसली, पण दुसऱ्या दिवशी तिने जुन्या लुगड्यांचे थर घालून एक जाड गादी शिवायला घेतली.

"लांबी वाढव जरा," रत्नपाल म्हणाला. "मागच्या सीटपर्यंत येऊ दे."

"मागं काहून? मागं तर तुमची अवजारांची पेटी असती."

"पूर्ण असली म्हंजी सरकत न्हाई."

करुणाने सुई थांबवली. ती स्वतः त्या गाडीवर बसत नव्हती. गुडघे दुखायला लागल्यापासून ती ऑटोने नाहीतर एसटीने जायची. तिने गादी पुढच्यापुरतीच शिवली.

ती गादी त्याने थोडेच दिवस वापरली. मग एका संध्याकाळी हिंगोलीहून गाडी आली ती नवी सीट घालून. काळं रेक्झिन, पांढरी दोरी शिवलेल्या कडा. पुढे खोलगट बैठक, मागे चांगली रुंद, ऐसपैस जागा आणि तिच्या पाठीमागे टेकायला गुबगुबीत उशी. करुणाची गादी त्याने नीट घडी करून परत आणली होती.

"आता कसं, खुर्चीवर बसल्यावानी," तो म्हणाला.

"बराबर हाय. पर मागची खुर्ची कोणाला?"

"दोन्ही एकदमच करून देतेत ते."

रत्नपाल हातपाय धुवायला गेल्यावर करुणा गाडीभोवती फिरली. डाव्या बाजूला साडीगार्ड होतं. ती गाडीवर बसायची बंद झाली तेव्हा रत्नपालने ते काढून माळ्यावर टाकलं होतं, कारण पेटी बांधायला ते आडवं यायचं. आता ते परत लागलं होतं. त्याखालची बायकांची पाय ठेवायची पट्टीही लागली होती, पण जुन्या जागी नव्हती. कुणीतरी वेल्डिंग करून ती वर उचलली होती. करुणाने चप्पल काढून त्यावर पाय ठेवून बघितला. गुडघा पोटापर्यंत आला.

म्हणजे बाई बुटकी होती.

त्या रात्री तिने भाकरी थापल्या, वरणाला फोडणी दिली, रत्नपालला वाढलं. त्याने सांगितलं, औंढ्याच्या पुढे एका शेतात उंदराने पंपाची वायर कुरतडली होती. शेतकऱ्याने गुळाचा चहा पाजला, उंदीर मारायला मांजर पाळलं तर तेच पॅनेलच्या सावलीला झोपून राहायला लागलं. करुणा ऐकत होती. उंदीर, मांजर, गुळाचा चहा. इतकं कोण मनाने रचेल, असं तिला वाटलं, आणि क्षणभर बरंही वाटलं.

पण शुक्रवार तिच्या लक्षात राहिला. औंढ्याकडचं काम बहुतेक शुक्रवारी निघायचं. शुक्रवारी तो दाढी करून जायचा. तिने आईशी बोलून बघावं म्हटलं, तर शुक्रवारी आई फोन उचलायचीच नाही. फोन घरी ठेवून विहारात जाऊन बसते, असं म्हातारी सांगायची.

डोळे तपासायचं निमित्त काढून करुणा हिंगोलीला गेली आणि विचारत विचारत ओमप्रकाशच्या दुकानी पोहोचली. हाच सीट बनवणारा. दुकानाबाहेर उघड्या सीटा पाठीवर पडल्या होत्या, आत शिलाई मशीन चालू होतं. तिने रत्नपालचं नाव सांगितलं.

"काय झालं भाभी, सीट बसली का परत?"

"न्हाई. कशी बनवली ते बघायला आले. आमच्या शेजारच्याला करायचीय."

ओमप्रकाश खूश झाला. "पुढच्या सीटचं काही नाही, ते तर सगळ्यांचंच करतो. मेहनत लागली मागं. साहेब दोनदा परत आले. म्हणे, खड्ड्यात बाईच्या कमरेला झटका बसतो. मग खाली कडक फोम टाकला, वर नरम. एका अंगाने बसतात ना, म्हणून डावी कड थोडी उचलली, घसरायला नको. मी म्हटलं, साहेब, इतना कौन करता है अपनी घरवाली के लिए." तो हसला आणि मग जरा आदराने विचारता झाला, "अब कंबर कैसी है आपकी?"

"बरी हाय," करुणा म्हणाली.

कुण्या परक्या कमरेच्या वतीने तिने उत्तर दिलं होतं. एसटीत बसल्यावर तिच्या ते ध्यानात आलं. आपली गुडघेदुखी वर्षभर घरात आहे. तेल चोळ म्हटलं तर हा माणूस म्हणतो, दुकानातून मलम आण. आणि त्या बाईसाठी डावी कड उचलून घेतो.

तिने बायका मोजून काढल्या नाहीत, तरी एक नाव आपोआप पुढे आलं. रत्नपालच्या कंपनीच्या ऑफिसात सपना नावाची मुलगी होती. फोनवर सारखी 'सर, सर' करायची. करुणा एका दुपारी डबा विसरल्याचं सांगत तिकडे गेली. सपना खुर्चीतून उठली आणि उठतच गेली. ती करुणापेक्षा वीतभर उंच निघाली. दारातली स्कूटीही तिचीच होती. "सर तर साइटवर गेले मॅडम. डबा ठेवून घेऊ?" असं तिने इतक्या सरळपणे विचारलं की करुणाला तो डबा तिथेच ठेवावा लागला. संध्याकाळी रत्नपालने दोन डबे परत आणले आणि काही विचारलं नाही. त्याने विचारलं नाही, हेही तिने मनात ठेवलं.

मग ती सीटवर नजर ठेवून राहिली. नवं रेक्झिन मागच्या बाजूला डावीकडे मऊ पडत चाललं होतं. उशीवर एकदा पांढरा केस सापडला. रत्नपालचेही केस पिकले होते, त्यामुळे त्याचं काही ठरवता आलं नाही.

एका गुरुवारी, तो पारावर गेलेला असताना, तिने ओलं फडकं घेऊन सीट पुसायला काढली. वरून पुसली, कडेची पांढरी दोरी पुसली. डाव्या कडेखालून हात फिरवला तर बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. ती खाली वाकली. रेक्झिन आत दुमडलं होतं तिथे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, वाळलेल्या चुन्याच्या रेघा होत्या. एकीशेजारी एक, अंगठ्याच्या रुंदीच्या.

करुणा तिथेच खाली बसली.

लहानपणी दुपारच्या वेळी ती आईच्या बाजेखाली गारव्याला झोपायची. वर बघितलं की लाकडी माचव्याच्या आतल्या कडेला अशाच रेघा दिसायच्या. आई तंबाखूला चुना लावायची आणि अंगठा तिथे पुसायची. दाराच्या चौकटीच्या आत, पाटाच्या खाली, जात्याच्या खुंट्यामागे, सगळीकडे. बाहेरून घर लख्ख, आणि आडोशाला आईचा अंगठा. वडील चिडायचे तेव्हा आई म्हणायची, "दिसून राहिलं का कोणाला? मंग?"

तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण फार वेळ टिकलं नाही. आईला कुठे न्यायचं असतं शुक्रवारी? आणि ते लेकीपासून लपवायचं काहून?

सकाळी रत्नपाल दाढी करत होता. करुणा साडी नेसून गाडीजवळ उभी राहिली.

"मी येते आज."

आरशातला वस्तरा थांबला. "औंढ्याच्या पुढं हाय काम. उन्हात काय करशील?"

"शिरडला उतरीन. मायला भेटून लई दिवस झाले."

त्याने तोंड धुतलं, पेटी घरातच ठेवली आणि गाडी काढली. करुणा मागे बसली. गुडघा पोटाला लागत होता, पण बाकी बैठक अशी होती की कळमनुरी कधी मागे पडली ते कळलं नाही. खड्ड्यात गाडी आदळली तरी कंबर उशीला अलगद टेकायची. एवढी चांगली सीट आपल्या घरात इतके महिने उभी होती आणि आपण तिच्याभोवती नुसतं फिरत होतो, याचा तिला राग आला.

शिरडला कमलबाई फाटकातच उभी होती. धुतलेलं लुगडं, काखेत पिशवी, पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली डोकावत होती. लेकीला बघून तिने पिशवी पाठीमागे घेतली. मग तिच्या लक्षात आलं की आता त्याचा उपयोग नाही.

"उतर खाली," ती म्हणाली. "ती माजी जागा हाय."

"कुठं निगालीस?"

"जावायाला इच्यार."

रत्नपाल हँडलकडे बघत राहिला. "मामी, तुमीच सांगा," एवढंच म्हणाला.

"नरसीला," कमलबाई म्हणाली. "धुरपता पडलीय. मांडीचं हाड मोडलं तवापासून खाटंवर हाय. पोटी लेकरू न्हाई तिला. डोकं धुवायला बी कोणी न्हाई."

करुणाच्या तोंडून शब्द आले ते बारावीतल्याच मुलीचे होते. "तिचं डोकं तू धूतीस?"

"मंग काय, तू धूशील? तू तर फाटक लावून घेतलंस."

"मी तुज्यासाठी लावलं होतं."

"म्या सांगितलं होतं का?" म्हातारीने तंबाखूची चंची काढली, परत कंबरेला खोचली. "डोकं धूते, यणी घालते. मंग आमी दोगी बसून तुज्या बापाला शिव्या देतो. तिला सांगायचा, गँगवर हाय. मला सांगायचा, गँगवर हाय. गँगवर कवा होता कोणाला ठावं. आता हे दुसऱ्या कोणाशी बोलावं बाई? तुज्याशी? तू तर त्याचं नाव निगालं की भांडे आदळतीस."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर जावायाला येऊ दिलं असतंस?"

करुणा उतरली. येऊ दिलं नसतं, हे तिघांनाही माहीत होतं.

रत्नपालने गाडी डावीकडे झुकवली आणि पायाने तोलून धरली. कमलबाईने एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला, उंच केलेल्या पट्टीवर पाऊल टाकलं आणि सवयीने, एका झटक्यात वर बसली. रत्नपालने मागे न बघता विचारलं, "बसल्या?" म्हातारीने त्याची पाठ थोपटली. हे सगळं किती वेळा झालं असेल, ते करुणाला त्यांच्या हालचालींवरून दिसत होतं. गाडी औंढ्याच्या रस्त्याला लागली. तिने फाटक लावलं, मग काय वाटलं कोण जाणे, परत उघडून ठेवलं.

दिवसभर ती आईच्या घरात बसून राहिली. बाजेखाली वाकून बघितलं. रेघा होत्या.

संध्याकाळी रत्नपालने आईला सोडलं आणि ते दोघे डोंगरकड्याकडे निघाले. ऊन उतरलं होतं, हळदीच्या शेतांवरून गार वारा येत होता.

"मामीनं शपथ घातली होती," रत्नपाल म्हणाला. "माजं दुसरं काही न्हाई करुणा. तुला ठावंय."

"ठावंय."

तिला खरंच ठाऊक होतं. नवऱ्याचं दुसरं घर नव्हतं. दुसरी बाई नव्हती. तो तिच्याच आईला उन्हातान्हात सांभाळून नेत होता. कोणत्याही बाईने आनंदाने मान्य करावं असं हे होतं. तिने थोडं पुढे सरकून विचारलं, "ते उंदरानं वायर कुरतडल्याचं?"

"काय?"

"औंढ्याच्या पुढं. मांजर पॅनेलच्या सावलीत झोपायचं. शेतकऱ्यानं गुळाचा चहा पाजला."

रत्नपालने गिअर बदलला. "ते खरं होतं."

"कवाचं?"

"कवाचं तरी असंल."

"त्या शुक्रवारचं?"

पुढे एक खड्डा आला. त्याने वेग कमी केला, मागच्या माणसाला झटका बसणार नाही इतक्या हळुवारपणे गाडी त्यातून काढली, आणि म्हणाला, "कंबर लागली न्हाई ना?"

"न्हाई," करुणा म्हणाली. "सीट चांगली हाय."

मांजर खरं होतं की नाही, याचा विचार करत ती मागे टेकली. हात त्याच्या खांद्यावर ठेवायला सोपा गेला असता. तिने तो ठेवला नाही. उशीच्या मागचा दांडा घट्ट धरला आणि डोंगरकडा येईपर्यंत त्याच्या कॉलरकडे बघत राहिली.